हायरायडर की सिटी हायब्रिड? मोटरचा आकडा बघण्याआधी बॅटरी बघा

ब्रोशरमधली बेरीज पहिल्यांदा चक्रावून टाकते. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. टोयोटा हायरायडर हायब्रिडचं इंजिन ९२ पीएस (साधारण अश्वशक्तीच), मोटर ८० पीएस, पण एकत्रित ताकद ११६च्या आसपास. होंडा सिटी ई:एचईव्हीचं, म्हणजे सिटी हायब्रिडचं, इंजिन ९८, मोटर १०९, आणि एकत्रित फक्त १२६. यात फसवणूक नाही. मोटरला वीज मिळेल तेवढीच ती ओढणार. दोन्ही गाड्यांची बॅटरी साधारण पाऊण युनिटची, त्यामुळे ती एका वेळी २५-३० पीएसहून जास्तीची भर घालू शकत नाही. मोटरची बाकीची वीज इंजिनच तयार करतं.

शहरात सिटी सरस वाटते. तिच्यात इंजिन बहुतेक वेळ नुसतं जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटर ओढते. तिच्या मोटरचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २५३ एनएम, हायरायडरच्या मोटरचा १४१. सिग्नल सुटल्यावर हा फरक पायाखाली लगेच कळतो. ट्रॅफिकमध्ये पेट्रोल मात्र दोघीही छान वाचवतात.

खरी परीक्षा घाटात. पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन आंबेनळी चढायला लागा. बॅटरीचे बार एकेक करत उतरतात, आणि ते तळाला गेले की उरतं फक्त इंजिन: ९२ विरुद्ध ९८. वजनंही जवळपास सारखीच. म्हणजे लांब चढावर सिटीच्या मोठ्या मोटरचा फायदा बराचसा विरतो, दोन्हींची इंजिनं वरच्या आवाजात ओरडायला लागतात. दर आठवड्याला भरल्या गाडीने घाट चढायचा असेल, तर यांपैकी एकही माझी पहिली पसंती नसेल.

उतारावर उलटं होतं. एवढीशी बॅटरी पटकन भरते आणि मग ब्रेक लावताना मोटर उलटी बनवते ती वीज ठेवायला जागा उरत नाही. तेव्हा नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. हायरायडरमध्ये गिअर ‘बी’वर घ्या, म्हणजे इंजिन गाडी आवरतं. सिटीत स्टिअरिंगमागच्या पॅडलने वेग किती ओढून धरायचा ते ठरवता येतं, आणि मला ते जास्त आवडतं.

बॅटरीवर दोन्हीकडे ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे, तेव्हा त्या भीतीपोटी निर्णय अडवू नका. गावाकडचा रस्ता खराब असेल तर उंच हायरायडर. रोजचं जाणं-येणं शहरात असेल तर सिटी, नि:संकोच. टेस्ट ड्राइव्हला घरची चार माणसं बसवा, जवळचा एखादा लांब चढ निवडा आणि बॅटरीचे बार उतरल्यावर गाडी कशी ओढते ते बघा.