इंटरनेटचे सुरुवातीचे दिवस: मॅककुलो ऐकावा की ‘फॅनस्प्लेनिंग’?

जुनं इंटरनेट आणि सिनेमा-मालिकांचे चाहते या विषयावर एकच पॉडकास्ट नेमाने ऐकायला सवड असेल, तर ब्रायन मॅककुलोचा ‘इंटरनेट हिस्टरी पॉडकास्ट’ की ‘फॅनस्प्लेनिंग’, हा प्रश्न पडतोच. मी दोन्ही आवडीने ऐकलेत.

मॅककुलोची तयारी दांडगी. २०१४ पासून त्याने वेबच्या पहिल्या पिढीला गाठून बोलतं केलं. मोझेक आणि नेटस्केप हे सुरुवातीचे ब्राउझर घडवणारे प्रोग्रामर स्वतःच्या तोंडून तो काळ सांगतात. असा ऐवज पुन्हा जमणं अवघड.

पण एक गोष्ट मला सतत टोचत राहिली, आणि माझ्यापुरता कौल तिनेच दिला. कंपन्यांच्या अंगाने सांगितलेल्या इतिहासात वापरणारा माणूस बहुतेकदा आकडा होऊन येतो. जिओसिटीज ही कुणालाही स्वतःचं वेबपान फुकट बनवू देणारी साइट याहूने १९९९ मध्ये अब्जावधी डॉलर मोजून घेतली, हे कळतं. तिथे रात्र रात्र जागून आवडत्या नटाचं पान सजवणारी, ते वेबरिंगमधून, म्हणजे एकाच विषयावरच्या साइटींच्या साखळीतून, दुसऱ्या वेड्यांच्या पानांना जोडणारी माणसं कोण होती? २००९ मध्ये दुकान बंद झालं तेव्हा त्यांच्या पानांचं काय झालं? आयएमडीबी हा सिनेमांच्या माहितीचा कोशसुद्धा १९९० मध्ये यूजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावरच्या सिनेवेड्यांच्या याद्यांतूनच उभा राहिला. मला ती माणसं ऐकायची होती.

‘फॅनस्प्लेनिंग’ त्यांच्या बाजूने बोलतो. फ्लरिश क्लिंक आणि एलिझाबेथ मिंकल या जोडीने तो २०१५ मध्ये सुरू केला. दोघांचीही जडणघडण फॅनफिक्शनच्या, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांच्या जगातली. २००७ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉग-साइटने शेकडो खाती एकाएकी बंद केली, तेव्हा चाहत्यांना आपला सर्व्हर आपल्याच मालकीचा का हवासा वाटला, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे चाहत्यांनीच चालवलेलं फॅनफिक्शनचं संग्रहालय का लागलं, हे त्यांच्या गप्पा ऐकताना आतून उमगतं. रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क या यूजनेट गटावर हिंदी सिनेगीतांचे शब्द आयट्रान्समध्ये, म्हणजे रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, टंकून, गायक-संगीतकारांच्या नावांसकट जपणारी मंडळी ज्यांना आठवतात, त्यांना तर ही भाषा घरचीच वाटेल.

गप्पा कधी पाल्हाळिक होतात, आणि सिनेमापेक्षा मालिका-कादंबऱ्यांकडे कल जास्त, हे खरं. मात्र भागांची लिखित संहिता साइटवर मिळते. कानावरून निसटलेलं एखादं युजरनेम शोधायला तिचा फार उपयोग होतो.

स्टार्टअपच्या जन्मकथांत रस असेल, तर नेटस्केपच्या भागांपासून मॅककुलो जरूर ऐका. नाहीतर, मला विचाराल तर, ‘फॅनस्प्लेनिंग’ची एखादी संहिता आधी वाचा आणि मग तोच भाग लावा.