दूध ओतणारी बाई भिंतीवर लावायची, तर प्रिंट घ्यावी की हातानं काढून घ्यावी?

बेळगावात वडगावच्या आमच्या घराचं काम संपलं आणि हॉलच्या मोठ्या भिंतीवर एखादं चांगलं जुनं चित्र लावायचं ठरलं, तेव्हापासून ओळखीच्या तिघाचौघांनी एकच प्रश्न विचारलाय, की बाबा, ओरिजिनल तर आपल्याला मिळणार नाही, मग कॉपी घ्यायची तर कुठली? मी यात चार महिने घातलेत आणि एक प्रिंट वायाही घालवलीय, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

चित्र कुठलं ते आधी सांगतो, कारण कॉपी कुठल्या प्रकारची घ्यायची हे बरंचसं चित्रावरच ठरतं. व्हर्मीर म्हणून डच चित्रकार, डेल्फ्ट गावचा, त्यानं १६६० च्या आसपास काढलेली दूध ओतणारी बाई. स्वयंपाकघरात एक कामवाली बाई मडक्यातनं खालच्या भांड्यात दूध ओतत्या, डावीकडं खिडकी, टेबलावर ब्रेड, बास. आईला मोबाईलवर दाखवलं तर म्हणाली, "आत्ती असंच ओतायची बघ, सगळं लक्ष धारेवर." तिथंच ठरलं की हेच लावायचं.

चित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि साईज किती, तर उंची ४५.५ सेंटिमीटर, रुंदी ४१. म्हणजे १८ बाय १६ इंच, आपल्या कॅलेंडरएवढं. पहिला मुद्दा हाच. आपल्याकडं हॉल मोठा म्हणून चित्र मोठं पाहिजे असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं, आणि पहिली चूक तिथंच झाली. व्हॉट्सअॅपवर आलेली इमेज घेऊन एका डिजिटल प्रिंटवाल्याकडं गेलो आणि उभं २ बाय ३ फूट मारून घेतलं. चित्र जवळजवळ चौकोनी, कागद उभा, मग त्यानं बाजू कापल्या आणि डावीकडची खिडकीच गेली! उजेड कुठनं येतोय तेच कळेना. चित्रातली भिंत पिवळी पडली, बाईच्या एप्रनचा निळा हिरवट झाला. व्हॉट्सअॅपची इमेज १६०० पिक्सेलच्या आसपास असत्या, १८ इंचाला नीट प्रिंट पाहिजे तर ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, हिशेबानं ५४०० पिक्सेल लागतात, आणि मी ती ३ फुटाला ताणली होती.

पिवळेपणाची गोष्ट तर म्युझियमलाही भोवलेली आहे. या चित्राच्या खराब, पिवळट कॉप्या नेटवर इतक्या पसरल्या होत्या की लोकांना म्युझियमच्या दुकानातली खऱ्या रंगाची पोस्टकार्डंच खोटी वाटायला लागली, त्यामुळंच त्यांनी चांगल्या फाईली मोकळ्या करायचं मनावर घेतलं. आता त्यांच्या साईटवरनं मोठी फाईल फुकट उतरवता येते, आणि व्हर्मीर १६७५ ला गेला, त्यामुळं कॉपीराईटचा प्रश्नच नाही. तेव्हा कॉपी कुठलीही घ्या, फाईल मात्र म्युझियमची घ्या. हातानं काढून घेणार असाल तरी चित्रकाराच्या समोर तीच फाईल पाहिजे, गूगलवर पहिली दिसली ती नको.

आता प्रत्यक्ष तुलना. माझ्यापुढं तीन पर्याय होते, कागदावरची जिक्ली प्रिंट, कॅनव्हासवरची प्रिंट आणि हातानं काढलेलं तैलचित्र. जिक्ली म्हणजे भारी इंकजेट प्रिंटच, पण पिगमेंट शाई (रंगाची बारीक भुकटी असलेली, डायसारखी विरघळलेला रंग नव्हे) आणि अॅसिड नसलेला सुती कागद वापरून केलेली. नाव मोठं आहे म्हणून घाबरू नका आणि भुलूही नका, कारण साध्या फोटो कागदावर मारून जिक्ली म्हणून विकणारे भरपूर आहेत. शाई पिगमेंट आहे की डाय आणि कागद कॉटन आहे की नाही, एवढे दोन प्रश्न सरळ विचारायचे. फार पांढराशुभ्र चकचकीत कागद दाखवला तर जास्तच सावध, त्यात पांढरेपणासाठी केमिकल घातलेलं असतं आणि पुढं तोच कागद पिवळा पडतो.

कागद आणि कॅनव्हास यात निवडायला मी एक साधी टेस्ट केली. या चित्रात बाईच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर वरच्या बाजूला एक खिळा आहे, त्याची बारीक सावली आहे, आजूबाजूला उपटलेल्या खिळ्यांची भोकं आहेत. ब्रेडवर रंगाचे बारीक बारीक ठिपके आहेत, उन्हात ब्रेडचं कडक कवच चमकावं तसे. दोन्ही सँपल एकाच साईजचे, एकाच फाईलवरनं काढून खिडकीजवळ धरले. कागदावर खिळा, सावली, भोकं, सगळं दिसलं. कॅनव्हासवर खिळा दिसला पण सावली विणीत मुरली आणि ब्रेडचे ठिपके धाग्यांच्या गाठींसारखे वाटायला लागले. चित्र छोटं आणि काम बारीक असेल तर कॅनव्हासची वीण मधे मधे येते, हे माझं पक्कं मत झालंय. लोकांना कॅनव्हास खरं पेंटिंग वाटतं, त्यात काच लागत नाही, चकाकी येत नाही, हे फायदे खरे आहेत, आणि मोठ्या चित्राला कॅनव्हासच बरा. पण प्रिंटवर वरनं पारदर्शक जेल लावून खोटे ब्रशचे फटके उठवून देतात, ते अजिबात घेऊ नका. फटका एकीकडं आणि रंग दुसरीकडं असं होतं, जवळ गेलं की डोळ्याला खुपतं.

हातानं काढलेलं घ्यायचा मोह मला सगळ्यात जास्त होता, खोटं कशाला बोलू. आपलं बेळगाव चित्रकारांचं गाव, के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली इथं केवढी माणसं तयार झाली. ऑनलाईन फोटो पाठवून बाहेरनं कॉपी मागवायची सोय पण आहे, चीनमध्ये शेनझेन शहरात दाफेन म्हणून वस्तीच आहे जिथं असल्या कॉप्या ढिगानं तयार होतात, पण तिथनं काय येईल ते पेटी उघडल्यावरच कळणार. त्यापेक्षा आपल्या गावातला माणूस बरा, जाऊन बघता तरी येतं. मी शहापुरातल्या एका चित्रकार काकांकडं गेलो. त्यांनी फाईल बघितली, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "निळा मिळंल रे, ही भिंत मिळायची नाही."

मला आधी उलटं वाटत होतं. एप्रनचा निळा म्हणजे अफगाणिस्तानातनं येणारा लाजवर्द दगड कुटून केलेला अल्ट्रामरीन, त्या काळी भयंकर महाग. पण तोच रंग एकोणिसाव्या शतकापासून कारखान्यात होतो, आज ट्यूबमध्ये मिळतो. अवघड आहे ती भिंत, कारण खिडकीपासून लांब जाईल तसा तो पांढरा कुठं करडा, कुठं मातकट, कुठं ऊबदार होत जातो आणि ते सगळं इतकं हळू होतं की एक फटका चुकला तर भिंत सपाट चुना मारल्यासारखी दिसत्या. काकांनी स्वतःच सांगितलं की यासाठी दोन महिने लागतील आणि तरी मनासारखं होईलच असं नाही. अशा प्रामाणिक माणसाकडनंच कॉपी करून घ्यावी, पण हे चित्र नको.

मग कुठलं? रेम्ब्रांट म्हणून त्याच काळातला दुसरा डच चित्रकार, त्याची शेवटची शेवटची चित्रं बघा, त्यात रंगाचा थर इतका जाड असतो की उजेड त्या उंचवट्यावर अडतो, ते प्रिंटमध्ये यायचंच नाही, कितीही भारी शाई वापरा. तिथं चांगल्या हाताची कॉपी प्रिंटला मागं टाकते. कॉपी करून घेतली तर मागच्या बाजूला काढणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या, मूळ साईजपेक्षा थोडी लहान-मोठी ठेवा, म्हणजे पुढं कुणाला घोटाळा नको. आणि तैलरंग आतनं वाळायला महिने लागतात, वार्निश घाईनं मारू देऊ नका. रेम्ब्रांटचंच 'नाईट वॉच' मात्र हॉलसाठी कुणी सुचवलं तर नको म्हणा, १६४२ चं ते चित्र आजही साडेतीन मीटरपेक्षा उंच आहे, आणि ३ फुटात आणलं की माणसांची नुसती गर्दी उरते.

काही जणांनी रविवर्माच घे की म्हटलं. त्याची गोष्ट वेगळी. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथली ओलिओग्राफ म्हणजे एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेली चित्रं. त्यामुळं जुनं ओलिओग्राफ स्वतःच एक जुनी वस्तू आहे. आपल्याकडं अजून काही जुन्या वाड्यांत, देवघरात लक्ष्मी-सरस्वती सापडतात. विकत घेताना भिंग घेऊन जा. जुन्या दगडी छपाईत ठिपके वेडेवाकडे, वाळू शिंपडल्यासारखे दिसतात, आणि अलीकडच्या ऑफसेट मशीनच्या छपाईत ठिपक्यांची एकसारखी फुलं दिसतात. फुलं दिसली की जुन्याचे पैसे द्यायचे नाहीत.

शेवटी मी कागदावरची प्रिंट घेतली, मूळ साईजमध्येच, पुण्याहून मागवली. मला हाताच्या कॉपीचं जे कोटेशन आलं होतं त्याच्या पाचव्या हिश्शात प्रिंट आणि फ्रेम दोन्ही झालं, आणि त्यात प्रिंटपेक्षा फ्रेमला जास्त गेले. ते बरोबरच आहे असं मला वाटतं, कारण आपल्याकडचा पाऊस! जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरतात, खानापूरकडं तर विचारूच नका. कागद काचेला चिकटला की पावसाळ्यात तिथं बुरशी धरते, म्हणून मधे अॅसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, पाहिजेच, तेवढी फट राहिली पाहिजे. फ्रेमवाला कागद फेविकॉलनं बोर्डाला चिकटवायला निघाला होता, हात धरून थांबवला. फक्त वरच्या दोन कोपऱ्यांना कागदी टेपचे बिजागर करून लटकवायचा, खाली मोकळा, म्हणजे दमट हवेत कागद फुगला तरी सुरकुती पडत नाही. मागनं ब्राऊन टेपनं सगळ्या फटी बंद, नाहीतर कसर शिरते. आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागं बुचाचे तुकडे लावा, म्हणजे फ्रेम भिंतीला टेकत नाही, मागनं हवा खेळत्या.

जागा पण बदलली. मोठी भिंत पश्चिमेची, बाहेरनं पाऊस झोडपणारी, ती सोडली. आता चित्र जेवणाच्या टेबलाजवळ आतल्या भिंतीवर आहे, डोळ्याच्या उंचीवर, आमची खिडकी त्याच्या डाव्या हाताला. चित्रातला उजेडपण डावीकडनंच येतो, त्यामुळं सकाळी आठच्या सुमारास आमच्या खिडकीतला उजेड आणि तिच्या खिडकीतला उजेड एकाच बाजूनं पडतो. थेट ऊन मात्र चित्रावर येत नाही, ते आधी दोन दिवस खुर्ची टाकून बसून बघितलं होतं.