सेसना १५२ की मायक्रोलाइट: इंदूरच्या काकांसाठी

रामबागेतले आमचे काका बावीस वर्षांनी पुन्हा विमान उडवायचं म्हणताहेत. पेन्शन बेताची. एकीकडे फ्लाइंग क्लबची सेसना १५२, म्हणजे दोन जणांचं छोटं विमान, ताशी भाड्यावर; दुसरीकडे रोटॅक्स ९१२ इंजिनाचं मायक्रोलाइट, म्हणजे त्याहूनही हलकं विमान.

खर्चात फरक मोठा आहे. सेसना ताशी बावीस-तेवीस लिटर महागडं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल, पिते; रोटॅक्स साधारण पंधरा लिटर, तेही पंपावरच्या पेट्रोलवर. शिवाय मोठ्या विमानतळावर प्रवासी विमान उतरेपर्यंत ताटकळलात तरी सेसनाच्या भाड्याचं मीटर चालूच.

पण काका, खरा विचार उन्हाचा करा. इंदूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फुटांवर. मे महिन्यात ४२ अंशांना हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. पूर्ण भरलेली ७५७ किलोची सेसना ११० अश्वशक्तीवर तेव्हा धापा टाकते. मायक्रोलाइट हलकं, म्हणून चढतं बरं, पण दुपारच्या गरम झोतांत पतंगासारखं हेलकावतं. आडव्या वाऱ्यात तर सेसनाच धीर देते. दोन्ही सकाळी नऊच्या आतच उडवा.

सराव मोडलाय, म्हणून पहिले काही तास प्रशिक्षकासोबत सेसनावरच काढा. तिची सवय हाताला आहे, तिथे काटकसर नको. काकूंना बसवण्याआधी अलीकडची काही उड्डाणं-उतरणं हवीतच. नंतर फक्त सकाळी गावाभोवती चक्कर मारायची असेल, तर मायक्रोलाइट. भोपाळपर्यंत जायचं मनात असेल, तर सेसना, मग महिन्याला एकच तास परवडला तरी.