स्टोर्ज नोड की सिया होस्ट: घरच्या ब्रॉडबँडवर डेटा कुठे जातो आणि त्याला आवर कसा घालायचा

रिकामी हार्ड डिस्क पडून आहे, रात्रभर नेट मोकळं असतं, मग विकेंद्रित साठवणुकीचा नोड (परक्यांच्या डेटाचा काही भाग पैसे घेऊन आपल्या डिस्कवर ठेवणारा संगणक) चालवावा का, असा विचार करणाऱ्यांचा डिस्कचा हिशेब सहसा बरोबर असतो. चुकतो तो डेटाचा. ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच घरगुती ‘अनलिमिटेड’ प्लॅनमागे महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि त्यात अपलोड-डाउनलोड दोन्ही धरले जातात. ३३०० जीबी म्हणजे दिवसाला ११० जीबी, म्हणजे चोवीस तास सलग जेमतेम १० एमबीपीएस. प्लॅनवर ३०० लिहिलेलं असो की ५००, महिनाभराची सरासरी या दहाच्या वर गेली की शेवटचे काही दिवस सगळ्या घराला रांगतं नेट मिळतं. घरचा वापर ८०० जीबी धरला तर नोडच्या वाट्याला २५०० जीबी उरतात, म्हणजे साडेसात-पावणेआठ एमबीपीएस. खरी तुलना एवढ्याच जागेत करायची आहे.

अशा साठवणुकीच्या जाळ्यांपैकी फाइलकॉइनचा विचार इथे करत नाही. ३२ जीआयबीचे सेक्टर (डेटाचे ठोकळे) सील करायचे आणि साठवलेल्याचा पुरावा दर चोवीस तासांत द्यायचा, हे फ्लॅटमधलं काम नव्हे. उरतात स्टोर्ज आणि सिया.

कोणताही निवडला तरी आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटण्याच्या सोयीच्या) मागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केलं तरी बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. सोसायटीतल्या केबलवाल्याकडे ‘पब्लिक आयपी’ मागा. तो बदलता असला तरी डायनॅमिक डीएनएसवर भागतं, स्टॅटिकच हवा असं नाही. मुंबईतला व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन त्याच्यापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा टनेल टाकता येतो, पण स्टोर्जसाठी त्यात एक मेख आहे. स्टोर्ज एका /२४ सबनेटमधले (आयपीचे पहिले तीन आकडे सारखे असलेले) सगळे नोड नवा डेटा वाटताना एकच धरतो. व्हीपीएसच्या त्याच सबनेटमध्ये आणखी कुणाचा नोड असेल तर येणारा डेटा तुमच्यात वाटला जातो.

आता स्टोर्ज. उभा करायला हा नक्कीच सोपा: २८९६७ हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडा, आयडेंटिटी (नोडचं ओळखपत्र) सही करून घ्या, नोडचा डॉकर कंटेनर चालवा. १४००२ वरचा डॅशबोर्ड मात्र घराबाहेर उघडू नका. यूडीपी विसरलात तर नोड चालतो, पण डॅशबोर्डवर क्विक (यूडीपीवर चालणारा प्रोटोकॉल) चुकीचं असल्याचं दिसत राहतं.

पहिल्या महिन्याचा वापर बघून मात्र प्लॅन ठरवू नका. प्रत्येक सॅटेलाइटकडून (नोडांवर देखरेख करणाऱ्या स्टोर्जच्या सर्व्हरकडून) १०० ऑडिट पूर्ण होईपर्यंत नव्या नोडकडे डेटाचा अगदी छोटा वाटा येतो. ही पारख (व्हेटिंग) संपली की येणारा डेटा वाढतो, आणि तोवर आपण ‘हा तर काहीच खात नाही’ म्हणून निश्चिंत झालेलो असतो.

पैशांचं गणित असं. डिसेंबर २०२३ मध्ये ठरलेल्या दरांनुसार साठवलेल्या प्रत्येक टीबीला महिन्याला दीड डॉलर आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक टीबीला २ डॉलर. आत येणाऱ्या डेटाला शून्य. ४ टीबी भरलेले आणि अर्धा टीबी बाहेर गेला तर ७ डॉलर. पण ते ४ टीबी भरायला किमान तेवढाच डेटा तुमच्या मीटरवर फुकट मोजला जातो. शिवाय ग्राहक मधेच फाइली पुसतात आणि ती जागा पुन्हा भरते, तेव्हा पुन्हा मोजला जातो.

माझा निर्णय मात्र पैशांवर झाला नाही. स्टोर्जच्या नोडमध्ये बँडविड्थला चावीच नाही. सुरुवातीच्या काळात महिन्याचा कोटा सांगायची सोय होती, ती नंतर काढून टाकली. आता डिस्क किती द्यायची ते सांगता येतं, वेग किंवा महिन्याचा डेटा सांगता येत नाही.

मग राउटरवर लगाम घालावा असं कुणालाही वाटेल. राउटरच्या ओपनडब्ल्यूआरटी या फर्मवेअरवर एसक्यूएम (रांगा आवरणारी सोय) लावून अपलोड प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवलं तर व्हिडिओ कॉल अडकणं थांबतं, आणि तेवढं जरूर करा. पण नोडचा येणारा वेग खाली दाबला की दुसरंच दुखणं सुरू होतं. स्टोर्जमध्ये फाइलीच्या एकेका सेगमेंटचे (भागाचे) तुकडे गरजेपेक्षा जास्त नोडना एकदम पाठवले जातात आणि पुरेसे पोचले की मागे राहिलेले रद्द होतात. दाबलेला नोड ही शर्यत अधिक वेळा हरतो. सुमारे २.२ एमबीच्या तुकड्यातला दीड एमबी येऊन पोचलेला असतो, तो टाकून दिला जातो. लॉगमध्ये ‘अपलोड कॅन्सल्ड’च्या ओळी वाढलेल्या दिसतात. इथे अपलोड म्हणजे ग्राहकाचं, आपल्यासाठी ते डाउनलोडच. तुमच्या ३३०० मधून दीड एमबी गेला, डिस्कवर काही उरलं नाही, पैसेही नाहीत. वेग जितका आवळाल तितका वाया जाणारा हिस्सा मोठा. एकाच वेळच्या अपलोडची संख्या बांधणारी एक सेटिंग कॉन्फिगमध्ये आहे, तिने रांग आखडते, पण महिन्याचा आकडा हातात येत नाही.

खात्रीचा उपाय एकच: दिलेली जागा वापरलेल्या जागेपेक्षा कमी करायची. येणारा डेटा थांबतो, जाणारा चालू राहतो. डॉकरवर त्यासाठी कंटेनर थांबवून, काढून, नव्या आकड्याने पुन्हा चालवावा लागतो. दर महिन्याच्या वीस तारखेला हे करत बसणं मला मान्य नाही. ज्यांना आहे, त्यांनी स्टोर्ज जरूर घ्यावा.

सियाचा होस्टडी (तिथे नोडला होस्ट म्हणतात, तो चालवणारं हे सॉफ्टवेअर) दुसऱ्या टोकाला आहे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या वेगाची मर्यादा सेटिंगच्या पानावरच वेगवेगळी लिहिता येते. येणारा डेटा, जाणारा डेटा आणि साठवणूक, तिन्हींचे भाव आपणच ठरवतो, डॉलरला बांधूनही ठेवता येतात. आत येणाऱ्या बाइटलाही किंमत लावता येते, हा स्टोर्जशी तुलना करताना मोठाच फरक आहे. बाहेर जाणाऱ्याचा भाव थोडा चढा ठेवला तर तोही सौम्य ब्रेकच. फार चढवलात तर भाडेकरूंचं (जागा घेणाऱ्या ग्राहकांचं) सॉफ्टवेअर तुम्हाला यादीतून वगळतं, तेव्हा इतरांचे भाव बघूनच हात घाला.

पोर्टांच्या बाबतीत जुनी मार्गदर्शनं दिशाभूल करतात. २०२५ च्या हार्डफोर्कनंतर (सियाच्या ब्लॉकचेनच्या मोठ्या नियमबदलानंतर) ९९८१ आणि ९९८४ लागतात, त्यातला ९९८४ टीसीपी-यूडीपी दोन्हींसाठी. ९९८० हा ॲडमिनचा, तो बाहेर उघडायचा नाही. सुरुवातीला ब्लॉकचेन उतरवताना बराच डेटा जातो, म्हणून हे काम बिलाच्या महिन्याअखेरीस उरलेल्या कोट्यात उरकावं.

सियाची उणी बाजू हलकी नाही. भाडेकरूशी होणाऱ्या प्रत्येक करारात आपले सियाकॉइन (सियाचं चलन) तारण म्हणून अडकतात, साधारण साठवणुकीच्या भावाच्या दुप्पट. करार संपल्यावर १४४ ब्लॉकच्या, म्हणजे सुमारे एका दिवसाच्या खिडकीत डेटा साठवल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो चुकला तर तारण जातं. स्टोर्जचा ऑनलाइन स्कोअर मात्र ६० टक्क्यांखाली जाईपर्यंत नोड निलंबित होत नाही, तिथे एखादा दिवस बंद पडल्याने आभाळ कोसळत नाही.

म्हणून सिया घेताना विजेचं आधी बघा. ओएनटीला (फायबरच्या मोडेमला) १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आणि होस्टला इन्व्हर्टर एवढ्याने भागेल की नाही, ते घरात येणाऱ्या तारेवर ठरतं. थेट फायबर येत असेल तर वाटेतला स्प्लिटर विजेवर चालत नाही, तुमची बॅटरी पुरे. पण नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या जुन्या इमारतींत डक्टमधल्या स्विचपर्यंत फायबर आणि पुढे घरापर्यंत कॅट-६ ची केबल असं असतं. त्या स्विचला बॅकअप नसेल तर तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही होस्ट ऑफलाइन. घोडबंदर रोडसारख्या सतत खोदकाम चालणाऱ्या भागात पावसाळ्यात फायबर तुटून दोन-दोन दिवस लागत असतील, तर तारणाचा धोका उगाच घेऊ नये, तिथे स्टोर्जच बरा. ऑफिसची कोट्याविना लाइन असेल तरीही कदाचित तोच.

घरची लाइन, ३३०० जीबी, दिवसा दोघं कॉलवर आणि फायबर थेट दारात, असं असेल तर माझं मत सियाकडे झुकतं. सुरुवातीला जाणारा वेग ४ आणि येणारा ३ एमबीपीएस ठेवा. दोन्ही महिनाभर काठोकाठ चालले तरी २२७० जीबीच्या आसपास. इतक्या कमी वेगावर करारही कमी मिळतील हे धरून चाला. होस्टडीच्या आलेखात ब्लॉकचेनची देवाणघेवाण सगळी दिसेलच असं नाही, म्हणून ब्रॉडबँडच्या ॲपमधला मीटर खरा माना. दहाव्या दिवशी तो ११०० च्या वर दिसला तर दोन्ही आकडे खाली आणून सेव्ह करा. होस्ट बंद करावा लागत नाही.