मीटरवर 62,480, आणि 2020 मध्येच झाले होते 1,71,316

डीलरकडून जुनी डिझेल गाडी घेतली आणि मीटर मागे फिरवलेलं निघालं, त्याची ही गोष्ट. इंजिनाला नावं ठेवायला हे लिहीत नाही. स्विफ्टपासून व्हिस्टा, लिनियापर्यंत कितीतरी गाड्यांत बसलेलं फिएटचं 1.3 मल्टीजेट डिझेल इंजिन आपल्या रांजणगावलाही बनायचं. वेळच्या वेळी ऑइल बदललं तर तीन लाख किलोमीटरही काढतं, हे मी टॅक्सीवाल्यांकडूनच ऐकलेलं. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल बंद केलं, त्यामुळे मला हवी तशी डिझेल जुन्या बाजारातच मिळणार होती. रोजचं 90 किलोमीटर जाणं-येणं आहे माझं, हौस म्हणून घेतली नव्हती.

गाडी 2014 ची. ‘फर्स्ट ओनर, डॉक्टरांची गाडी, 62,480 किलोमीटर.’ ठरले 3,85,000. टोकन 10,000, बँकेतून 2,00,000 आणि उरलेले 1,75,000 रोख. रोखीची पावती नाही. होय, चूक माझी. पण रोख दिली तर 15,000 कमी करतो असं डीलर म्हणाला, आणि पोराच्या फीच्या महिन्यात 15,000 सोडवत नाहीत. तुम्ही मात्र एक रुपयासुद्धा रोख देऊ नका.

आता जे आठवून अजून रात्री जाग येते ते सांगतो. मी गाडी बघायला सकाळी साडेनऊला पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. हात ठेवला होता मी त्यावर! विचारलं, तर म्हणाला, “दादा, आत्ताच धुऊन आणली.” डिझेल गार असताना चालू केली की इंजिन स्वतःच सगळं सांगतं: आतल्या चेनचा खडखडाट, इंजेक्टरची ठकठक, सायलेन्सरचा निळा धूर. गरम इंजिन गप्प बसतं, आणि त्याने ते माझ्यासाठी मुद्दाम गरम करून ठेवलं होतं.

दुसरं, क्लचच्या पेडलचा रबर. कोरा, काळा कुळकुळीत, कडांवरच्या रेघासुद्धा झिजलेल्या नाहीत. आणि त्याच्याच खाली, टाच टेकते तिथे मॅट घासून भोक पडलेलं. दोन्ही एका नजरेत दिसत होतं. मी बघितलं, आणि ‘गाडीवर खर्च केलाय बिचाऱ्याने’ असं समजून मोकळा झालो. 62,000 किलोमीटर चाललेल्या गाडीला नवा पेडल रबर कशाला लागेल?

अकराव्या दिवशी ऑइलचा दिवा लागला. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, कोरडी. या इंजिनात ऑइल मावतं तीनेक लिटर, आणि गाडी हजार किलोमीटरला एक लिटर खात होती. मेकॅनिकने चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून भकाभका धूर. “पिस्टनच्या रिंगा गेल्यात. जाड ऑइल भरून, दोष लपवून विकलीय तुम्हाला.” हे झाकण उघडून बघायला पैसे लागत नाहीत, विकत घेण्याआधी उघडा. काम निघालं ते असं: पिस्टन-रिंग-बेअरिंग 28,700, चेन किट 11,200, दोन इंजेक्टर 21,000, मशीनिंग आणि मजुरी 31,500. एकूण 92,400.

मेकॅनिकनेच गाडीचा नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. नोव्हेंबर 2020 ची नोंद, 1,71,316 किलोमीटर. दोन मिनिटांचा फोन होता. मी तो पैसे देण्याआधी केला नाही.

डीलरकडे गेलो, तर त्याने कागद पुढे केला: ‘वाहन आहे त्या स्थितीत’, खाली माझी सही. पोलीस ठाण्यात गेलो तर “हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” अहो, मीटर मागे करून विकणं हा दिवाणी मामला कसा? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे, ते मी दाखवलं, तर “आम्हाला कायदा शिकवू नका.” तिसऱ्या फेरीला अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मिळाला. त्या शिक्क्यासाठी तीन अर्ध्या रजा गेल्या! पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नका. आरटीओत म्हणाले, मीटर आमच्याकडे नोंदलं जात नाही. बरं, 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते या डीलरकडे आहे का एवढं तरी सांगा? या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून ‘साहेब मीटिंगमध्ये’. ज्याने लुटलं तो गादीवर बसून पुढची गाडी दाखवतोय, आणि मी झेरॉक्स काढत फिरतोय.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची, तेव्हा ‘देतो, बघतो’ ऐकत बसू नका. सर्व्हिसची नोंद लेखी घ्या, मीटरचा फोटो डिलिव्हरीच्याच दिवशी काढा. माझ्याकडे तो योगायोगाने आहे, बायकोने हार घातलेल्या गाडीचे फोटो काढताना डॅशबोर्डचाही एक काढला होता. त्यात 62,480 स्पष्ट दिसतंय. तक्रारीला तोच पहिला जोडलाय.