८×४२ची दुर्बीण: खारफुटीत तीन हिवाळे वापरल्यानंतर

आधी माझ्याकडे १०×५०ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ५० मिमीचं असलेली दुर्बीण होती. तिच्यातून मोठं दिसायचं, पण वजनाने थोड्याच वेळात हात थरथरायचा आणि चिखलावरचे तुतवार (किनाऱ्यावरचे छोटे पक्षी) भिंगात नाचायला लागायचे. मोजायचं कसं? आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आमचे आकडे तिथे जातात. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येतले १ टक्का पक्षी असतील, तर ती रामसर यादीसाठी, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीसाठी, पात्र ठरू शकते. त्यामुळे ‘खूप पक्षी दिसले’ लिहून भागत नाही.

८×४२ हातात स्थिर राहते, आणि सकाळच्या अंधुक उजेडातही चिखल्या (असाच दुसरा किनारी पक्षी) आणि तुतवार वेगळे ओळखता येतात. मुख्य म्हणजे सगळं काम बांधावरूनच होतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेवढाच वेळ या पक्ष्यांना पोट भरायला मिळतो. जवळ जाऊन थवा उठवला की त्यांचं खाणं हुकतं, वर उडण्यात ताकद जाते ती वेगळीच. पुढे हजारो किलोमीटरचा परतीचा प्रवास असतो हो त्यांचा! पूर्वी फोटोसाठी मीही चिखलात उतरायचे, याचं आज वाईट वाटतं.

जवळचं फोकस दोन मीटरपर्यंत येतं, हे मी विकत घेताना पाहिलंही नव्हतं. तिवराच्या (खारफुटीतल्या एका झाडाच्या) चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांत परांवर रेलून बसलेली निवटी, म्हणजे चिखलावर फिरणारा छोटा मासा, तिच्यातून तासभर बघावी. मध्येच एक डोळा खाली खोबणीत ओढते, ओला करते, पुन्हा वर काढते. तिवराच्या पानांवरचे मिठाचे कणसुद्धा दिसतात.

पक्ष्याच्या पायात अभ्यासासाठी अडकवलेल्या पट्टीचा रंग कळतो, त्यावरची अक्षरं मात्र लांबून वाचता येत नाहीत. त्याला टेलिस्कोपच हवा. पुढच्या भिंगांची झाकणं फार सैल आहेत. एक चिखलात पडलं, ते काढायला पुढच्या ओहोटीपर्यंत थांबावं लागलं. आता दोऱ्याने बांधलीत. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी पूर्ण आत फिरवा, अख्खं वर्तुळ दिसतं.

आणि घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसू नका. खाऱ्या हवेतलं मीठ भिंगावर बसलेलं असतं, त्याने ओरखडे उठतात. आधी मऊ ब्रशने झटका, मग गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने हलकेच टिपा.