अँकी वापरून इंग्रजी शब्द आणि परिच्छेद: चांगलं काय, कमी काय

इंग्रजी बातमी वाचली तर समजते, मीटिंगमधलं बोलणंही कळतं. पण स्वतः दहा ओळी लिहायला घेतल्या की 'गुड', 'प्रॉब्लेम', 'व्हेरी', 'मेनी' हेच शब्द फिरून फिरून येतात. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांत ईमेल लिहिणारे, कॉलेज रोडच्या क्लासेसना जाणारे, मराठी माध्यमातून शिकलेले कितीतरी जण या मधल्या पायरीवर अडकलेले असतात. हे परीक्षण त्यांच्यासाठी. सुरुवातीपासून इंग्रजी शिकणाऱ्यांना अँकीची एवढ्यात गरज नाही.

अँकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप. नाव जपानी, अर्थ पाठांतर. डेमियन एल्म्स यांनी ते २००६ मध्ये आणलं. तुम्ही कार्ड बनवता, ते पुढून दाखवतं, तुम्ही मनात उत्तर देता, मागची बाजू बघता आणि आठवलं की नाही ते बटण दाबून सांगता. आठवलं तर तेच कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी समोर येतं. विसरण्याच्या बेताला आलेला शब्द पुन्हा दाखवायचा, एवढीच त्यामागची कल्पना, आणि ती उत्तम चालते. शब्द लक्षात ठेवण्यासाठी याहून भरवशाचं साधन फुकटात मिळणं कठीण.

तरीही सहा महिने रोज अँकी करणाऱ्यांचं लेखन बऱ्याचदा जागचं हलत नाही. कारण कार्डात असतं. बहुतेक जण पुढे इंग्रजी शब्द आणि मागे मराठी अर्थ लिहितात. त्यातून ओळख वाढते, वापर येत नाही. मराठीत पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. आपण चूकही करतो, गृहपाठही करतो. तिकडे मिस्टेक 'मेक' होते आणि होमवर्क 'डू'. आपण परीक्षा देतो, म्हणून हात आपोआप 'गिव्ह एक्झाम' लिहितो. विद्यार्थ्याने लिहायचं असतं 'टेक ॲन एक्झाम'. एकट्या शब्दाच्या कार्डात ही जोडी कुठेच दिसत नाही.

म्हणून कार्ड वाक्याचं करा. अँकीत 'क्लोझ' नावाचा प्रकार तयार मिळतो. वाक्यातला हवा तो शब्द झाकता येतो. उदाहरणार्थ: 'ड्यू टू … रेन, द रोड टू रामकुंड वॉज क्लोज्ड.' सूचना म्हणून 'जोराचा' लिहा. मागे पूर्ण वाक्य आणि त्याच शब्दाची दुसरी एक जोडी, 'हेवी ट्रॅफिक'. झाकायचा तो एकच शब्द. एका वाक्यात तीन जागा झाकल्या की उत्तर अंदाजाने येतं आणि नेमकं काय चुकलं ते कळत नाही. वाक्य बारा-तेरा शब्दांच्या आत ठेवा, आणि शक्यतो आपल्या ओळखीच्या जागेचं करा.

वाक्यं कुठून घ्यायची? ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज ही साइट मोफत आहे. शब्दाशेजारी त्याची पातळी दिसते, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात, आणि खाली नमुना वाक्यं असतात. 'ऑक्सफर्ड ३०००' या यादीतले बी१ आणि बी२, म्हणजे मधल्या पातळीचे, शब्द आधी घ्या. दुसऱ्यांनी बनवलेले हजारो कार्डांचे तयार संच उतरवून घेण्याचा मोह टाळा. कार्ड बनवताना कोश उघडून वाक्य निवडावं लागतं, आणि निम्मं शिकणं तिथेच होतं.

ॲप बसवल्यावर पहिल्यांदा एक आकडा बदला. रोज २० नवीन कार्डं ही मूळ मांडणी नोकरी करणाऱ्यासाठी फार आहे. त्या वेगाने काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशे-दोनशे कार्डांवर जाते आणि दोन दिवस चुकले की ढीग बघूनच माणूस ॲप काढून टाकतो. रोज ६ नवीन पुरे. उजळणी पंधरा मिनिटांत होते.

बटणं चार: 'अगेन', 'हार्ड', 'गुड', 'ईझी'. इथे हमखास गोंधळ होतो. उत्तर आठवलं नाही तरी मन राखायला लोक 'हार्ड' दाबतात. अँकीच्या लेखी 'हार्ड' म्हणजे आठवलं, फक्त कष्ट पडले. विसरलेलं कार्ड मग लांबच्या तारखेवर जातं आणि पुढच्या वेळी पुन्हा विसरलेलंच निघतं. नाही आठवलं, तर फक्त 'अगेन'. सुरुवातीचा महिनाभर 'अगेन' आणि 'गुड' या दोनच बटणांवर काम करा, काही बिघडत नाही.

आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण करतं. ही सोय फार मोलाची आहे. अशा कार्डात बहुधा दोन जवळचे शब्द एकमेकांत अडकलेले असतात. 'राइझ' आणि 'रेझ' हे नेहमीचं जोडपं. तेच कार्ड घोकत बसू नका. ते काढून दोन नवी वाक्यं घाला. लासलगावला कांद्याचा भाव आपोआप वाढतो तेव्हा 'प्रायसेस राइझ'. दुकानदार भाव वाढवतो तेव्हा 'शॉपकीपर्स रेझ प्रायसेस'. वाढणं आणि वाढवणं हा फरक मराठीत आपल्याला पक्का माहीत आहे, तिथेच तो बांधून टाकायचा.

परिच्छेदाच्या बाबतीत अँकी स्वतः काहीच करत नाही. ती मोठी उणीव, आणि ती वहीनेच भरून काढावी लागते. रविवारी अँकीतलाच 'ब्राउझ' विभाग, म्हणजे सगळ्या कार्डांची यादी, उघडून गेल्या सात दिवसांत घातलेली कार्डं वेगळी काढा, एका विषयाला लागू पडतील असे सात-आठ शब्द निवडा आणि १२० शब्दांचा एक परिच्छेद लिहा. वेळ वीस मिनिटं. विषय असा घ्या ज्यात कारण आणि परिणाम आहेत. 'माय सिटी'सारख्या विषयात नुसती विशेषणं साचतात. द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी का करतात, हा नाशिककरांसाठी अप्रतिम विषय. पहिलं वाक्य अख्ख्या परिच्छेदाचा दावा सांगेल: 'ग्रेप ग्रोअर्स इन नाशिक प्रून देअर वाइन्स ट्वाइस अ इयर, अँड ईच कट हॅज अ डिफरंट पर्पज.' मग एप्रिलची खरड छाटणी: नव्या काड्या फुटतात, त्यांत फळाचे डोळे तयार होतात. मग ऑक्टोबरची फळछाटणी: त्याच डोळ्यांतून घड बाहेर येतात. दोन्हींना प्रत्येकी दोन-तीन वाक्यं आणि शेवटी माल कधी हाती येतो त्याचं एक. आता लिहिलेलं प्रत्येक वाक्य पहिल्या वाक्याशी ताडून बघा. 'नाशिक इज ऑल्सो फेमस फॉर ओनियन्स' हे वाक्य मध्ये घुसलेलं सापडेलच. खरं असलं तरी ते या परिच्छेदाचं नाही, खोडा.

अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड मोफत आहे, संगणकावरही मोफत. आयफोनच्या ॲपला मात्र एकदा पैसे मोजावे लागतात. नावात अँकी असलेली इतर ॲप्सही दिसतात, उतरवताना नाव नीट वाचा. कार्डं संगणकावर बनवा, उजळणी फोनवर करा. दोन्हीकडे वेगवेगळी कार्डं असताना पहिल्यांदा सिंक केलंत तर एकीकडची ठेवायची की दुसरीकडची, असं विचारतं. चुकीचं निवडलंत तर एका बाजूची मेहनत जाते. रूप रुक्ष आहे, मराठीतून मार्गदर्शन फारसं नाही, आणि पहिला आठवडा मांडणी समजून घेण्यातच जातो.

परिच्छेद तपासायला माणूसच हवा. बॅचमधल्या दोघांनी वह्या बदलल्या तरी चालतं. तपासणाऱ्याने सगळं लाल करू नये. पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोनच चुका काढाव्यात आणि त्यांची कार्डं करावीत. आपल्याकडची सर्वांत चिवट चूक 'जरी…तरी'तून येते: 'ऑल्दो द रेन वॉज हेवी, बट द क्रॉप वॉज सेफ.' इंग्रजीला दोघांपैकी एकच चालतो. तिचं कार्ड असं करा: 'ऑल्दो द रेन वॉज हेवी, … द क्रॉप वॉज सेफ.' मागच्या बाजूला लिहा, 'काहीच नाही'.